ताट बघणारा साहेब

साहेबाने आणि मी मिळून शेवटचं काम केलं ते एवढंच, की माझं उष्टं ताट बघितलं.

रविवारची दुपार होती. पांडेसऱ्यातल्या माझ्या खोलीत तो मोरीजवळच्या पाटावर बसला होता. मी भिंतीला टेकून. माझं जेवण झालं होतं, म्हणजे खिचडी चिवडून झाली होती. साहेबाने ताट उचललं, खिडकीशी नेलं, उजेडात तिरकं धरलं. उरलेल्या खिचडीत बोट घातलं आणि हुंगलं.

"बाकी आहे," म्हणाला.

"असू द्या."

"मीठ कुठलं?"

"दुकानातलं."

"कुठल्या दुकानातलं?"

"साहेब, मिठात कोण काय मिसळणार?"

"आप्पा, मिसळणारा मिठातच मिसळतो. मिठावर कोणी संशय घेत नाही."

मग पिशवीतून स्टीलची डबी काढली आणि ओट्यावर ठेवली. ती डबी मी ओळखत होतो. त्या डबीवरून माझ्या मनात दोन वर्षं काटा होता.

"एक चमचा घाला खिचडीत. मग बघू बाकी राहते का."

"मी नाही घालणार. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. तरी ठेवतो."

चपला घालून तो उतरला. मी गॅलरीतून बघत राहिलो. कोपऱ्यावर रिक्षा उभी होती. ती त्याने जाऊ दिली. मागून दुसरी आली, तिच्यात बसला. पहिली रिक्षा तो जन्मात कधी घ्यायचा नाही. म्हणायचा, "ती आधीपासून उभी आहे म्हणजे कोणाची तरी वाट बघतेय. माझी का बघावी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं ते शेवटी सांगतो. आधी हा माणूस सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल एखादा वेडा होता. वेडा होताच. पण कोणत्या जातीचा वेडा, ते सांगायला पाहिजे.

मी खानदेशातला. चौथीपर्यंत शाळा. सुरतला येऊन जन्म पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये गेला. वाफेने छाती खराब झाली तेव्हा मिलने नमस्कार केला. मग सचिन गावाच्या पलीकडे एक खाणं बनवणारी फॅक्टरी होती, तिथे लागलो. माणसांचं खाणं नाही. गाई-म्हशींचं, कोंबड्यांचं, आणि जास्त करून कोळंबीचं. समुद्राकडच्या तलावांत कोळंबी पाळतात, तिला हे बारीक दाणे घालतात. फॅक्टरीच्या मागे एक शेड होती. शेडमध्ये टाक्या, टाक्यांत कोळंबी. नवीन खाणं आधी इथे घालून बघायचं, जमलं तर बाजारात. त्या शेडचा राजा म्हणजे हा साहेब. आणि मी त्याचा पाणी बदलणारा, जाळी धुणारा, शिव्या खाणारा.

तोंडावर मी त्याला अहो-जाहो करायचो, मनात अरे-तुरे. इथे मनातलं लिहितोय.

पहिल्याच दिवशी त्याने माझ्या शर्टाचा खिसा बघितला. "हा शिवून टाका," म्हणाला.

"फाटलेला नाही साहेब."

"म्हणूनच. फाटका असता तर चाललं असतं. शेडमध्ये खिसा चालत नाही. खिशातून नमुना जातो."

समोरची फॅक्टरी आपलं खाणं चोरते, असं त्याच्या डोक्यात पक्कं होतं. शेडमधल्या सगळ्यांचे खिसे शिवलेले. त्याचे स्वतःचे पण. माझा खिसा बायकोने शिवला. सुई ओढता ओढता तोंड चालूच. आमच्या घरात अहिराणी. म्हणाली, "त्या सायबले सांगा, खिसा शिवा, आते तोंड बी शिवू का?"

मी गडी सरळ. दुसऱ्या दिवशी जाऊन तसंच सांगितलं. वाटलं, गेली नोकरी. साहेब माझ्याकडे बघत राहिला. मग हसला. तो हसतो हे शेडमध्ये कोणाला माहीतच नव्हतं. जुना वॉचमन दारातून डोकावून गेला, काय झालं म्हणून.

"वहिनींना सांगा, तोंडाचं नंतर बघू," साहेब म्हणाला.

तेव्हापासून तो तिची चौकशी करायचा. मला आवडलं नाही. का करतो चौकशी? एकटा माणूस, लग्न नाही, कोकणातल्या समुद्राकाठचा, मासळीवर वाढलेला. राहायला कतारगामला, हिरे घासायच्या कारखान्यावरच्या खोलीत. खाली घंट्या, म्हणजे हिरे घासायची चाकं, फिरायची, वर हा झोपायचा. मी विचारलं होतं, आवाजात झोप लागते का. म्हणे, "छान लागते. खाली बाहेर पडताना प्रत्येकाला तपासतात. जिथे सगळ्यांवर संशय घेतात तिथे मला शांत वाटतं."

त्याचं चाखणं बघण्यासारखं होतं. मालाची गाडी आली की पोत्यात हात घालून चिमूटभर उचलायचा आणि जिभेवर ठेवायचा. पेंड असो, कोंडा असो, सुकवून दळलेल्या मासळीची पूड असो. मासळीच्या पुडीचा वास असा की शेडमधून घरी गेलं की बायको आधी मोरी दाखवायची. आणि हा ती जिभेवर घोळवायचा, डोळे मिटून, जसं काही बासुंदी आहे. काही व्यापारी त्या पुडीत युरिया घालतात. युरियाने माल तपासणीत भारी दिसतो. साहेब म्हणायचा, युरिया असला की जीभ गार पडते.

एकदा असाच एक व्यापारी गाडी घेऊन आला. साहेबाने चाखलं, थुंकला, हात झटकले. "गाडी परत."

व्यापारी ओरडला, "अरे साहेब, लॅब मां तो पास छे!"

साहेब शांतपणे म्हणाला, "तो लॅब ने खवडावो." म्हणजे, मग लॅबलाच खाऊ घाला.

गाडी परत गेली. पण खरं सांगतो, मला त्या वेळी व्यापाऱ्यापेक्षा साहेबाचीच शंका आली. माणसाच्या जिभेला एवढं कळतं? का नुसतं सोंग? मी कधी चाखून बघितलं नाही. साहेब पुष्कळदा म्हणायचा, "आप्पा, जिभेला विचारा, ती लाच घेत नाही." मी हात जोडायचो. घरी बायकोचा नवस होता. तिच्या हातची भाकर खायची आणि शेडमध्ये मासळी चाटायची, हे मला जमत नव्हतं.

नवसाचं सांगतो. आमची मुलगी लहान असताना तापाने फणफणली होती. बायकोने आमच्या कानबाई देवीला बोलून ठेवलं, पोर वाचू दे, मी मासळी-मटण तोंडाला लावणार नाही. पोर वाचली. आता नवापूरला नांदते. आणि हिने शब्द पाळला. हे सोपं नव्हतं, कारण सुक्या बोंबलाची चटणी तिला जिवापाड आवडायची. आमच्या चाळीत कोणी बोंबील भाजले की बाकीच्या बाया खिडक्या लावून घ्यायच्या. ही उघडी ठेवायची. खिडकीत बसून तांदूळ निवडायची. मी चिडवलं की म्हणायची, "वासले नवस नही."

साहेबाच्या शेडमधली भाषा पण ऐकण्यासारखी होती. कुठल्या खाण्यात काय किती आहे हे समोरच्यांना कळू नये म्हणून त्याने प्रत्येक मालाला नात्याचं नाव ठेवलं होतं. मासळीची पूड म्हणजे सासरा. सोयाबीनची पेंड मेहुणा. भाताचा कोंडा मावशी. चलथाणकडून टँकरने उसाची मळी यायची, ती आजी, कारण ती सगळ्यांना चिकटवून धरते. सकाळी सकाळी साहेब ओरडायचा, "आप्पा, सासऱ्याला निम्मा करा! मेहुण्याला वाढवा! आजी पातळ झालीय, बघा जरा!"

शेठने हे दोन-तीनदा ऐकलं. एक दिवस मला बाजूला घेऊन हळूच विचारतो, "साहेब के घर में सब ठीक है ना?"

मी म्हटलं, "शेठ, घरच नाही त्यांना."

साहेबाचं सगळं आयुष्य त्या सासऱ्याला घराबाहेर काढण्यात गेलं. म्हणजे असं, की कोळंबीला मासळीची पूड लागते. वासाशिवाय ती खात नाही. म्हणून समुद्रातली बारीक मासळी ओढायची, सुकवायची, दळायची आणि तलावातल्या कोळंबीला घालायची. साहेबाला ते खपत नव्हतं. म्हणायचा, "माझ्या गावच्या समुद्रात जाळ्याला आता काही लागत नाही. लागणार कुठून? ते सगळं इथे पोत्यात येऊन पडलंय." त्याला असं खाणं करायचं होतं, ज्यात मासळी नाही, पण कोळंबीला वाटलं पाहिजे की आहे. पेंडी, कोंडा, तेल, कसलं कसलं आंबवलेलं पाणी. तो वास बनवत बसायचा. मी मनात म्हणायचो, हा धंदा तरी काय? नाही ते आहे म्हणून सांगायचं. यालाच तर फसवणं म्हणतात.

आणि वर हा दुसऱ्यांवर संशय घेणार.

शेडमध्ये एक मांजर यायची. पांढरी, एक कान फाटलेला. साहेबाला खात्री होती की ती समोरच्या फॅक्टरीने सोडली आहे. "बघा, ती बाकीच्या पोत्यांना तोंड लावत नाही. नमुन्याच्याच पोत्यापाशी जाते." अरे बाबा, नमुन्याच्या पोत्यात सासरा जास्त, म्हणून जाते. पण त्याला कोण सांगणार? तिला हाकलून दमला. शेवटी तिलाच कामाला लावलं. नवीन वास बनवला की चार दाणे जमिनीवर टाकायचे आणि लांब उभं राहून बघायचं. मांजर यायची, हुंगायची, आणि साहेबाकडे अशी बघायची की आपल्यालाच लाज वाटावी. निघून जायची. असे कित्येक महिने गेले.

एक दिवस तिने हुंगलं, आणि खाल्लं. चारही दाणे. आणि जमीन चाटली.

त्या दाण्यांत मासळीचा कण नव्हता. मी स्वतः भरलं होतं मशीन.

साहेब मटकन खाली बसला. पुढ्यात मांजर बसून मिशा साफ करत होती आणि हा तिला हात जोडत होता. मग पूर्ण शेडला लोचो मागवला, वर शेव-कांदा. मला म्हणाला, "आप्पा, मांजर फसली. आता कोण राहिलं?"

मी लोचो खाल्ला, पण तो शब्द मला खटकला. आता कोण राहिलं. ज्याने मांजरीला फसवलं तो कोणालाही फसवेल. हे मी तेव्हाच मनात लिहून ठेवलं.

कोळंबीला खाणं घालायची एक रीत आहे. कड्याला जाळी ताणलेली असते, तिला आम्ही थाळी म्हणायचो. थाळीत थोडं खाणं घालून दोरीने पाण्यात सोडायची. काही वेळाने वर ओढायची. थाळी साफ आली तर कोळंबी खातेय. उरलं तर काहीतरी बिघडलं. मग एक कोळंबी उचलून उजेडात धरायची. ती काचेसारखी आरपार असते, पाठीत आतड्याची रेघ दिसते. रेघ काळी भरलेली तर पोट भरलेलं. साहेब कोळंबी धरून म्हणायचा, "हिच्यासारखं कोणी नाही. खाल्लं तर खाल्लं दिसतं. माणसाची कातडी फार जाड."

आणि थाळीत खाणं उरलं की आम्ही म्हणायचो, साहेब, या टाकीतल्या नखरेल आहेत. तो भडकायचा. "न खाणाऱ्याला दोष द्यायचा नाही! तो खात नाही म्हणजे खाण्यात खोट आहे. खोट शोधा!" जगात सगळ्यांवर त्याचा संशय. व्यापारी, शेठ, वॉचमन, मांजर, रिक्षावाला, मीठ. फक्त उपाशी राहिलेल्यावर कधी नाही.

मांजर फसली, पुढे कोळंबी पण फसली. थाळ्या साफ यायला लागल्या. रेघा भरलेल्या. शेठ खूश. पण महिना-दीड महिना गेला आणि कळलं, कोळंबी वाढतच नाही. खाते, पण अंगाला लागत नाही. एक दिवस मी शेडमध्ये शिरलो तर साहेब टाकीपाशी उभा राहून पाण्याला सांगत होता, "वास जमला. पोषण जमलं नाही. माफ करा."

त्याच दिवसांत माझ्या बायकोने खाणं सोडलं.

पोटात गाठ होती. डॉक्टरांनी सांगितलं, घरी न्या, काय खाईल ते द्या. पण ती खाईना. मऊ खिचडी, दूध-भाकर, शिरा, सगळं करून बघितलं. ताट पुढे केलं की मान फिरवायची. "माले भूक नही." मी ओरडायचो. म्हणायचो, मुद्दाम करतेस. मुलगी यायची, रडायची, जायची.

शेडमध्ये मी गप्प होतो. साहेबाने विचारलं. मी सांगितलं, ती खात नाही, ऐकत नाही. तो एकदम ताठ झाला. "तिला दोष देऊ नका. आज येतो."

आला. पाटावर बसला. आधी उष्टं ताट मागितलं. उजेडात धरलं. कुठून खाल्लंय, कुठे बोट लागलंय, सगळं बघितलं. दुसऱ्या दिवशी तीन वाट्या घेऊन आला. तिन्हींत खिचडीच, वास वेगळा. तिच्यापुढे ठेवल्या आणि बघत बसला, हात आधी कुठे जातो.

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "साहेब, माझी बायको काय टाकीतली कोळंबी आहे?"

"नाही," म्हणाला. "कोळंबीला मी कधी वाटी दिली नाही."

ती मात्र हसली. "बठा ना भाऊ," त्याला म्हणाली. आणि मला म्हणाली, "तुमी बाहेर जा."

दोघं काय बोलले माहीत नाही. मी जिन्यात बिडी ओढत उभा होतो. खोलीतून तिचा आवाज येत होता, खूप दिवसांनी. बोंबलाच्या चटणीचं काहीतरी चाललं होतं. माहेरची चूल, पाटा, लाल मिरची. "वासले नवस नही," हे पण ऐकू आलं. साहेब बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा मांजर फसली त्या दिवशीसारखा होता. मला ते अजिबात आवडलं नाही.

चार-पाच दिवसांनी ती स्टीलची डबी आली. आत करड्या रंगाची पूड. झाकण उघडलं आणि खोलीभर भाजलेल्या बोंबलाचा वास. मी नाकाने खानदेशी माणूस आहे, मला वास कळतो. तो बोंबीलच होता.

साहेबाने एक चमचा खिचडीत कालवली. तिने घास घेतला. डोळे मिटले. दुसरा घेतला.

"गोड लागस," म्हणाली.

त्या दिवशी तिने अर्धी वाटी खाल्ली. मग रोज. साहेब सुट्टीच्या दिवशी येऊन ताट बघायचा, डबी भरून द्यायचा. ती खाते म्हणून बरं वाटायचं. आणि तिचा नवस मोडला तर? तिला कळतंय का? कळत नसेल तर हे पाप कोणाचं? ज्या पोरीसाठी नवस बोलली, ती पोर जिवंत आहे, नांदती आहे. मोडलेला नवस कुठे जाऊन लागतो, हे कोणी सांगावं?

एकदा तिला म्हटलं, "मी विचारतो साहेबाला, यात काय आहे."

तिने माझा हात धरला. हातात जोर नव्हता, पण धरला. "इचारू नका. माले खाऊ द्या."

मी नाही विचारलं. ती खात राहिली. शेवटच्या आठवड्यापर्यंत तिचं ताट साफ असायचं. आणि अंगावर काही चढलं नाही. हातांच्या काड्याच राहिल्या. मग गेली.

साहेब मातीला आला होता, लांब उभा राहिला. दहाव्यानंतर घरी आला, दारातच थांबला. म्हणाला, "जमलं नाही, आप्पा." तेच, जे पाण्याला म्हणाला होता.

तेव्हा मी विचारलं. तिने मना केलं होतं ते ती होती तोवर. म्हटलं, "साहेब, एकच सांगा. त्या डबीत सासरा होता का?"

"नाही."

"खरं सांगा."

"तीळ, जवस, आंबवलेली पेंड, मिरची, धुराचा वास. सासरा नाही. वहिनींनी आधीच बजावलं होतं."

त्याने माझ्याकडे सरळ बघितलं. डोळ्याची पापणी हलली नाही. आणि मी विश्वास ठेवला नाही.

कसा ठेवू? तुम्ही ठेवला असता? मासळी नसताना आहे असं मांजरीला पटवणारा माणूस. तो मासळी असताना नाही असं मला का पटवणार नाही? त्याला ती खायला हवी होती. खाणाऱ्याने खाल्लं पाहिजे, यापुढे त्याला जगात काही दिसत नव्हतं. तेवढ्यासाठी तो खोटं बोलला असता. मी असतो तर बोललो असतो.

आणि तपासणार कशाने? नाक फसतं. मांजर फसते. टाकीत टाकली तरी कोळंबी धावणारच. त्याने असं काही बनवून ठेवलं होतं की दुनियेत कोणी साक्षीदारच राहिला नव्हता. तो एकटा. त्याच्या शब्दावर राहायचं तर राहा.

मी नाही राहिलो. त्या दिवसापासून तिचा नवस मी घेतला. आजवर तिच्या मानासाठी मासळी-मटण टाळायचो, आता नवस म्हणून बंद. म्हटलं, कानबाई, तिच्याकडून चुकलं असेल तर माझ्यातून वळतं करून घे. माझा हिशोब अडाणी असेल, पण माझा आहे.

मग माझी पण भूक गेली. का गेली ते सांगत नाही. एकट्याने चूल पेटवून बघा, म्हणजे कळेल. शेडचं काम छातीमुळे आधीच सुटलं होतं. साहेब दर रविवारी यायचा. चहा घ्यायचा नाही, स्वतःचा कप पिशवीत आणायचा, त्यात पाणी प्यायचा. ताट बघायचा. "बाकी आहे." डबी ठेवायचा. पुढच्या रविवारी ती तशीच भरलेली असायची. ती उचलायचा, नवीन ठेवायचा. मी म्हणायचो, साहेब, कशाला त्रास घेता, मी खाणार नाही. तो म्हणायचा, "तुम्हाला दोष नाही. खाण्यात खोट आहे." खोट कुठे आहे ते त्याला पक्कं माहीत होतं. माझा त्याच्यावर विश्वास नाही, ही खोट. ती काही पुडीत मिसळून भरून निघणारी नव्हती. तरी येत राहिला. दोन वर्षं.

तर तो शेवटचा रविवार. दुसऱ्या रिक्षेत बसून गेला तो गेला.

सोमवारी सकाळी जुन्या वॉचमनचा फोन आला. "आप्पा, साहेब गेले. झोपेतच. खालच्या कारखान्यातल्या लोकांनी दार उघडलं."

मी रडलो नाही. पहिल्यांदा मला शंकाच आली. म्हटलं, गेला नसेल, कोणाला तरी चकवत असेल. समोरच्या फॅक्टरीला. मग फोन ठेवला आणि खोलीत बघितलं. पाट मोरीजवळच होता. डबी ओट्यावर होती.

आता बायकोने मासळी खाल्ली का, याला हो किंवा नाही म्हणणारा कोणी उरला नव्हता. ती गेली, तो गेला.

कालची खिचडी पातेल्यात होती. गरम केली. ताट घेतलं. डबीचं झाकण उघडलं आणि तोच वास आला, भाजलेल्या बोंबलाचा, खिडकीत बसून तांदूळ निवडणाऱ्या बाईचा. आधी चिमूटभर जिभेवर ठेवली, तो ठेवायचा तशी, डोळे मिटून. तीळ लागला. मिरची लागली. धूर लागला. बोंबील पण लागला. आहे का नाही, जिभेला सांगता आलं नाही. जीभ लाच घेत नाही म्हणे. पण तिला सगळं कळतं असंही नाही.

एक चमचा घातला. कालवलं.

विश्वास बसला म्हणून नाही. अजून बसलेला नाही. पण यात मासळी असेल आणि तिचा नवस मोडला असेल, तर माझा पण मोडू दे. जिथे ती उभी असेल तिथे मला उभं करा. आणि मासळी नसेल, तर त्या माणसाचा शब्द माझ्या हातून दोन वर्षं ओट्यावर पडून राहिला होता, तो आज उचलला असं समजा.

खाल्लं. हळूहळू, बोटं चाटून. मग ताट खिडकीशी नेलं, उजेडात तिरकं धरलं. बाकी नव्हती.

ताट घासून पालथं घातलं, चपला घातल्या आणि कतारगामला निघालो. मातीला उशीर नको. कोपऱ्यावर रिक्षा उभी होती. रिक्षावाला म्हणाला, "बेसो काका, क्यां जवुं छे?"

मी मान हलवली. ती जाऊ दिली. मागून दुसरी आली, तिच्यात बसलो.